चिनू काय म्हणाली

मिरजेत दगड भिरकावला तर डॉक्टरलाच लागतो, असं म्हणतात. पण डॉ. शलाका मगदूमला लागून काही उपयोग नव्हता. शेजारपाजारचं कोणी खोकला नाहीतर गुडघा घेऊन दारात आलं की ती हात जोडायची. ‘मी उंदरांची डॉक्टर आहे हो. माणसांचं मला काही कळत नाही.’

लोकांना हे पटायचं नाही. जिचं नाव दर दिवाळीला चार-चार अंकांत छापून येतं, तिला साधा गुडघा कळू नये म्हणजे काय?

तर शलाकाला अशी दोन घरं होती. एक मालगावच्या रस्त्यावरचं मेंदू संशोधन केंद्र आणि दुसरं स्वयंपाकघरातलं टेबल. केंद्रात तिला ‘लेखिकाबाई’ म्हणत आणि साहित्याच्या कार्यक्रमात ‘शास्त्रज्ञबाई’. म्हणजे दोन्हीकडे पाहुणी. ती पहाटे उठायची, टेबलाशी बसून हातानं लिहायची. कथा यंत्रं लिहायला लागल्यापासून अंकवाल्यांना हस्तलिखित दाखवल्याशिवाय ‘माणसाने लिहिलेली कथा’ असा शिक्का मारता येत नसे, त्यामुळे तिच्या गिचमिड अक्षराला म्हातारपणी भाव आला होता. मग चहा उकळायचा, आणि चहाच्या वासानं नवरा उठून यायचा.

नवऱ्याचं नाव अभय. लक्ष्मी मार्केटजवळ त्याचा छापखाना होता. पुस्तकं केव्हाच थांबली होती, पण लग्नपत्रिका कागदाचीच लागते, त्यावर छापखाना तगून होता. अभय उभा जन्म प्रुफं तपासण्यात गेलेला माणूस. लाल पेन्सील कायम कानावर. शलाका सकाळी लिहिलेलं त्याला चहाबरोबर वाचून दाखवायची आणि जिथं शब्द जास्त झाला तिथं तो पेन्सील बशीवर वाजवायचा. टक. बोलायचा काही नाही. ‘रम्य सायंकाळ’ म्हटलं की टक. ‘तिचे डोळे पाणावले’ म्हटलं की टक टक. सुरुवातीला ती चिडायची, रुसायची, एकदा तर कागद फाडून टाकले होते तिनं. पुढं पुढं लिहितानाच तिला ती टक ऐकू यायला लागली. त्या टकटकीशिवाय तिची एकही कथा कधी छापायला गेली नव्हती.

आता चिनूचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच आहे.

चिन्मयी ही त्यांची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची असताना तापानं आजारी पडली, ताप मेंदूत गेला. दवाखान्यात आठवडा काढल्यावर डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय. त्याच दिवशी पुण्यात शलाकाच्या कथासंग्रहाला पुरस्कार होता. ती नको म्हणत होती. अभयच म्हणाला, ‘जाऊन ये की. मी आहे इथं.’ ती गेली. शाल-श्रीफळ घेतलं, भाषण केलं, हशा मिळवला. परत येताना कराडच्या अलीकडं फोन आला. ती दवाखान्यात पोचली तेव्हा पलंगावरची चादर बदलून झाली होती.

शेवटच्या वेळी चिनूजवळ एकटा अभय होता. तेराव्यानंतर शलाकानं त्याला एकदाच विचारलं, ‘काही म्हणाली का रे?’

‘म्हणाली.’

‘काय?’

अभय बराच वेळ खाली बघत बसला. मग म्हणाला, ‘सांगेन कधीतरी.’

त्याला वीस वर्षं होऊन गेली. त्यानं सांगितलं नाही आणि तिनं परत विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची. पोरगी ‘आई कुठंय’ म्हणाली असेल, रागावली असेल, काय सांगावं. पण कधीतरी आपण धीर करून विचारू आणि तो सांगेल, ही एक ठेव होती. ठेव दुसऱ्याकडं असली तरी आपलीच असते, असं तिला वाटत होतं.

आणि मग अभय विसरायला लागला.

आधी किल्ल्या, मग नावं. मग एका लग्नपत्रिकेत नवरीचा बाप नवऱ्याकडं आणि नवऱ्याचा बाप नवरीकडं छापला गेला. दोन्हीकडची माणसं छापखान्यात येऊन भांडून गेली. अभय ती पत्रिका हातात धरून संध्याकाळपर्यंत बघत होता. ‘चूक कुठाय गं यात?’ त्यानं शलाकाला विचारलं. त्या दिवशी तिला कळलं. तपासण्या नंतर झाल्या. सकाळी चहा व्हायचा, ती वाचायचीसुद्धा, पण पेन्सील बशीशेजारी नुसती पडून असायची. पुढं पुढं त्यानं ‘आज काय लिहिलंस’ हे विचारणंही सोडलं.

योगायोग म्हणा, नाहीतर नशिबाची थट्टा म्हणा, शलाकाचं केंद्र याच दुखण्यावर काम करत होतं.

आठवण म्हणजे ट्रंकेत ठेवलेला फोटो, काढला, पाहिला, परत ठेवला, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आठवण काढली की ती पातळ होते. मेंदूतल्या ज्या पेशींच्या जोडण्यांत ती असते, त्या जोडण्या सैल पडतात आणि पुढचे काही तास नव्यानं घट्ट होत राहतात. आपल्याला पत्ता नसतो, पण प्रत्येक आठवण आपण काढतो तितक्या वेळा नव्यानं लावून ठेवत असतो. अभयच्या आजारात हे घट्ट होणंच बंद पडतं. माणूस आठवण काढतो, ती पातळ होते आणि तशीच सांडून जाते. ज्या गोष्टी सगळ्यांत जास्त आठवाव्या, त्याच आधी जातात.

शलाकाच्या गटानं घट्ट करणारं प्रथिन शोधलं होतं. नाकात फवारायचं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण केंद्रातला शिपाईसुद्धा त्याला ‘विरजण’च म्हणायचा. कोमट दुधात विरजण लावावं तसं काम होतं ते. पेशंटला आठवतंय तोवरच ती आठवण त्याच्याच तोंडून रेकॉर्ड करून घ्यायची. त्याला म्हणायचं पाठ. मग नाकात विरजण फवारायचं, पाठ ऐकवायचा. आठवण जागी होते, पातळ होते आणि संध्याकाळपर्यंत परत घट्ट लागते. पाठात मध्ये कुठं रिकामी जागा असली, तरी दोन-चार खेपांत ती आपसूक भरून यायची. मुळं जिवंत असतात, पाणी मिळालं की फुटतात.

एकच पथ्य होतं. पाठ पेशंटच्याच शब्दांत हवा, अडखळत असला तरी. आणि विरजण लावल्यापासून रात्रीपर्यंत त्या विषयावर घरच्यांनी चकार शब्द बोलायचा नाही. पातळ आठवणीत बाहेरचं काही पडलं तर तेही तिच्याबरोबर घट्ट होतं. नातेवाइकांना कळावं म्हणून केंद्राच्या भिंतीवर पाटी लावली होती : ‘दही लागेपर्यंत भांडं हलवू नये.’ ही पाटी शलाकानंच लिहिली होती. लेखिकाबाई शेवटी कामाला आल्या, असं सगळे म्हणाले.

आपल्याच माणसावर आपण प्रयोग करायचे नसतात. म्हणून अभयला तिची सहकारी डॉ. नसरीन तांबोळी बघायची. नसरीननं आधी साध्या आठवणी लावल्या. छापखान्याचं पहिलं यंत्र, कृष्णेत पोहायला शिकणं, शलाकाला बघायला गेले तेव्हा पोह्यांत सापडलेला खडा. सगळ्या छान लागल्या. अभय परत हसायला लागला, खड्याची गोष्ट भेटेल त्याला सांगायला लागला. शेवटी शलाकानंच विचारलं, ‘चिनूची लावायची का?’

अभय म्हणाला, ‘लाव. ती गेली तर मग ठेवायचं तरी काय?’

पाठ रेकॉर्ड झाला. शलाकानं तो ऐकावा, असं अभयनंच सांगितलं. नसरीननं तिला तिच्या खोलीत एकटं बसवलं आणि दार ओढून घेतलं.

‘दुपार होती. एसीचा आवाज येत होता. मी... मी तिचे पाय दाबत बसलो होतो. नर्स जेवायला गेलेली. मग चिनूनं डोळे उघडले. मला म्हणाली... आधी पाणी मागितलं. चमच्यानं दिलं. मग म्हणाली...’ त्यापुढं नुसता एसीचा आवाज. केंद्रातल्या एसीचा. मग अभयचा श्वास. ‘म्हणाली की... नाही येत. आईचं काहीतरी होतं. आईला सांगायला सांगितलं तिनं. थांबा जरा. नाही येत ओ.’

आईला सांगायला सांगितलं. शलाकानं तेवढंच परत परत ऐकलं.

पहिल्या खेपेला रिकामी जागा रिकामीच राहिली. दुसऱ्या खेपेला अभयला पोरीच्या हातातल्या सलाईनच्या सुईवरची पट्टी आठवली. तिसऱ्या खेपेला तो खुर्चीत ताठ बसला आणि नसरीनला म्हणाला, ‘ओठावर आहे बघा. अगदी ओठावर आहे. पुढच्या खेपेला नक्की सांगतो.’ नसरीननं बाहेर येऊन शलाकाचा हात दाबला.

इकडं पाठ ऐकल्यापासून शलाकाच्या पहाटा बदलल्या होत्या. वीस वर्षांत तिनं परग्रहावर लिहिलं, यंत्रांवर लिहिलं, बुडालेल्या शहरांवर लिहिलं. चिनूवर एक ओळ लिहिली नव्हती. आता लेखणी दुसरीकडं वळेचना. दिवाळी अंकाचे संपादक आषाढापासून फोन करत होते. तिनं कथा लिहायला घेतली. एक मुलगी, एक बाप आणि एक आई. त्या कथेतली आई पुरस्कार न घेताच सभागृहातून उठते, मिळेल ती गाडी पकडते आणि वेळेवर पोचते.

लेखकाला एवढी तरी मुभा असावी की नाही?

तिसऱ्या खेपेच्या दिवशी दोघं दुपारी घरी आले. शलाकानं चहा टाकला. अभय टेबलाशी बसला, त्यानं बशी जवळ ओढली, पेन्सील उचलली आणि म्हणाला, ‘काय गं, आज काय लिहिलंस? वाच की.’

किती महिन्यांनी विचारलं त्यानं. विरजणानं माणूस जरा जरा परत येतोय, याचा याहून मोठा पुरावा काय असणार? तिला इतका आनंद झाला, की डोळ्यांपुढं टेबल दिसेना.

भिंतीवरची पाटी तिला आठवली नाही, असं नाही. चहा गाळताना आठवली. पण तिच्या मनात आलं, आपण कुठं त्या दिवसाबद्दल बोलतोय? ही तर कथा आहे. नावं वेगळी, गाव वेगळं. जन्मभर तिनं दोन्ही घरं वेगळी ठेवली होती. प्रयोगाच्या वहीत कधी कथा लिहिली नाही आणि कथेच्या टेबलावर कधी उंदीर आणला नाही. गोष्टीनं काय होतंय, असं तिला वाटलं. गोष्टीनं काय होतं हे त्या बाईला ठाऊक नसावं, याला काय म्हणायचं?

तिनं वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

‘आई चपला न काढताच आत धावली. बाप दारातच थांबला. मुलीनं आईला बोटानं जवळ बोलावलं. आई वाकली. मुलगी तिच्या कानात काहीतरी म्हणाली. बापाला तिचे ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही. मग आईनं तिच्या कपाळावरचे केस मागं केले.’

मुलगी काय म्हणाली ते तिनं लिहिलं नव्हतं. ते लिहायचा तिला अधिकारच नव्हता. ते शब्द अभय पुढच्या खेपेला सांगणार होता, मग तिथं घालायचे, असं तिनं ठरवलं होतं.

पेन्सील एकदाही वाजली नाही. अभय डोळे मिटून ऐकत होता, गालावर पाणी होतं. कथा पसंत पडली म्हणून शलाका सुखावली. एवढ्या वर्षांत ज्यानं एक परिच्छेद धड वाचू दिला नाही, तो माणूस आज गप्प कसा, हे तेव्हाच तिच्या लक्षात यायला हवं होतं. तो कथा ऐकतच नव्हता. तो त्या दवाखान्यात होता.

चौथ्या खेपेला नसरीनचा फोन आला. ‘मॅडम, जरा आत येता का?’

अभय खुर्चीत बसला होता. चेहरा इतका मोकळा, की शलाकाला क्षणभर लग्नातला अभय दिसला. तिला बघून त्यानं हात पुढं केला.

‘ये ये. यांना सगळं सांगितलं मी. कुठं अडकलं नाही बघ. दुपार होती. मी चिनूचे पाय दाबत होतो. तेवढ्यात तू आलीस. चपला घालूनच आत पळालीस. मी दारात थांबलो.’

नसरीन हळूच म्हणाली, ‘मला वाटत होतं, मॅडम त्या दिवशी पुण्यात होत्या.’

‘पुण्याला गेली होती, पण उठून आली. आई आहे ती, राहील होय तिकडं?’ अभय हसला. ‘चिनूनं तिला बोटानं जवळ बोलावलं. कानात काहीतरी म्हणाली.’

नसरीननं वही मिटली.

त्या आठवड्यात त्यांनी काय काय केलं नाही. मूळ पाठ अभयला परत ऐकवला, त्याच्याच आवाजातला. पाणी, चमचा, ‘आईला सांगायला सांगितलं.’ अभयनं नीट ऐकलं, कानावरची पेन्सील काढली आणि टेबलावर वाजवली. टक. ‘इथं चुकलंय. शलाका तिथं असताना मला कशाला निरोप देईल पोरगी?’

शलाकानं पाठ बंद केला.

नसरीननं शेवटी स्पष्टच सांगितलं. ‘मोडायचं म्हटलं तर औषध आहे. आठवण जागी करायची आणि घट्ट होऊच द्यायची नाही. पण मग खरं खोटं सगळंच जाईल. तो अख्खा दिवस जाईल. दह्याचं परत दूध होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं?’

‘आणि खालचं? मूळ?’

‘खाली काही नाही, मॅडम. त्याच जागेवर लागलंय ते.’

शलाका त्या दिवशी चालत घरी निघाली. तिला पोरीचे शब्द हवे होते. गोड नसते तरी चालले असते. ‘आई वाईट आहे’ असं म्हणाली असती, तरी तिनं ते पोटाशी धरून ठेवलं असतं. जगात ते शब्द एकाच माणसाजवळ होते. वीस वर्षं त्यानं जिवापाड जपले, आजारपणातही सोडले नाहीत, पार ओठापर्यंत आणले. आणि तिनं एक कथा वाचून ते पुसून टाकले. वर स्वतःला वेळेवर पोचवून घेतलं. न केलेला प्रवास तिला फुकटात मिळाला होता. तो नको असं सांगायचीही आता सोय नव्हती. तिला दोष देऊ शकेल, नाहीतर माफ करू शकेल, असा एकच माणूस होता आणि त्याच्या लेखी ती गुन्हेगारच नव्हती. वाटेत रडायला येत होतं, ती रडली. ओळखीची दोन माणसं थांबली, त्यांना तिनं डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून सांगितलं.

मोडायचं औषध तिनं अभयला देऊ दिलं नाही. कारण एकच. ज्या रस्त्यावर तो दवाखाना होता, त्या रस्त्यानं अभय वीस वर्षं गेला नव्हता. छापखान्याला जाताना लांबचा वळसा घालायचा. परवा तो तिला म्हणाला, ‘चल की, त्या बाजूनं जाऊ.’ दवाखान्यासमोर थांबून त्यानं वर पाहिलं, नमस्कार केला आणि पुढच्या गाड्यावर भेळ मागितली. त्याच्याकडून हे काढून घ्यायचं? तिला धीर झाला नाही.

कथा तिनं संपादकांना दिली नाही. ‘यंदा नाही जमलं’ म्हणाली. संपादक नाराज झाले. बाई आता थकल्या, असं बोललं गेलं.

पण सकाळचा चहा चुकत नाही. ती आता काही लिहीत नाही, तरी पहाटे उठते, टेबलाशी बसते. अभय येतो, बशी ओढतो. काल आला तेव्हा त्यानं पेन्सील हातात घेतली.

‘शलाका, एक विचारू? इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणतोय. रागावू नकोस.’

‘विचार की.’

‘चिनू काय म्हणाली गं तुझ्या कानात?’

शलाकानं जन्मभर दुसरं केलं काय होतं? कधी नसलेली माणसं बोलकी केली होती. एका वाक्याचा तर प्रश्न होता. तिनं मनात एक वाक्य जुळवलं, टक. दुसरं जुळवलं, टक. तिसरं तर ओठापर्यंत आलं होतं, पण ते चिनूचं नव्हतं, कथेतल्या मुलीचं होतं. तिनं कप खाली ठेवला.

‘ऐकू नाही आलं रे मला.’

‘एवढी जवळ होतीस की.’ अभयचा चेहरा पडला. ‘मी दारातनं बघितलंय. वाकली होतीस तू तिच्यावर. मला सांगायचं नाही होय? काही वाईट म्हणाली का? मी जवळ नव्हतो म्हणून?’

तेराव्यानंतरचा तो दिवस शलाकाला आठवला, खाली बघत बसलेला अभय आठवला, आणि तिला लागू नये म्हणून त्यानं तेव्हा केवढं ओझं उचललं होतं ते तिला आत्ता कुठं कळलं. तिनं हात लांब करून त्याची बशी सरळ केली.

‘वाईट काही नाही म्हणाली,’ ती म्हणाली. ‘सांगेन कधीतरी.’

अभयनं मान हलवली. पेन्सील परत कानावर ठेवली, चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

‘सांग सावकाश,’ तो म्हणाला. ‘पण विसरायच्या आत सांग हां. तुझ्या एकटीजवळच आहे ते.’